दारिद्र्याचे साहित्य वाचनमंडळात कसे वाचावे : सीमाभागातील वाचकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात मराठी पुस्तकावर जीव असणाऱ्या माणसांची कमतरता नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी यांसारखी गावे लोकवर्गणीतून साहित्य संमेलने भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, आणि बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा तर १८४८ पर्यंत मागे जाते. अशा ठिकाणी एखादे दलित आत्मकथन किंवा ग्रामीण कादंबरी वाचायला घेतली की बहुतेक वेळा एकच प्रकार घडतो. उपाशी मुलाचा किंवा मार खाणाऱ्या बाईचा प्रसंग वाचला जातो, बसलेल्यांचे डोळे भरून येतात, कोणीतरी ‘फार विदारक वास्तव आहे’ असे म्हणतो आणि बैठक संपते. पुस्तकातला माणूस उपाशी का राहिला आणि त्याच्या उपासमारीतून कोणाची कणगी भरली, हे विचारायचे राहून जाते.

दारिद्र्यावरच्या प्रत्येक चांगल्या पुस्तकात एक व्यवहार मांडलेला असतो. कोणीतरी राबतो, कोणीतरी मोजतो, कोणीतरी देतो, आणि राबण्यात व देण्यात जे अंतर राहते ते कोणाच्या तरी पदरात पडते. हा व्यवहार शोधून काढणे म्हणजेच हे साहित्य वाचणे, असे माझे ठाम मत आहे. हळहळ त्यानंतर येतेच, आणि मग ती दुसऱ्या दिवशी विरून जात नाही. पुढे जे सांगितले आहे ते गावच्या वाचनालयात, महिला मंडळात किंवा मराठी शाळेच्या वर्गात दहा-पंधरा माणसांनी एकत्र बसून वाचण्यासाठी आहे. एकट्याने वाचणाऱ्यालाही त्यातले बरेच उपयोगी पडेल.

पुस्तक कोणते घ्यावे

सुरुवात सर्वांत भीषण पुस्तकापासून करू नये. भीषण प्रसंग ऐकणाऱ्याला हादरवतो, पण त्याच वेळी ‘हे आपल्याकडचे नव्हे’ असे म्हणण्याची सोयही करून देतो. म्हणून आपल्या शिवाराला लागून असलेले पुस्तक आधी घ्यावे. आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) कागलची आहे, आणि कागल निपाणीहून हाकेच्या अंतरावर आहे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या बापाचा शिकू पाहणारा मुलगा, घरात वाढत जाणारी खाणारी तोंडे आणि शाळा की मळा हा रोजचा तंटा, हे सारे ज्या बोलीत आले आहे ती बोली निपाणी-चिक्कोडीकडच्या श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर निपाणीचेच महादेव मोरे घ्यावेत. पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर या भागातल्या कष्टकऱ्यांच्या, तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या आणि गॅरेजमधल्या पोरांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या. २०२४ मध्ये ते गेले, आणि आपल्याच भागातल्या अनेक वाचनालयांत त्यांची पुस्तके अजून पुरेशी नाहीत, ही गोष्ट मला बोचते. वाचनमंडळाने पहिली वर्गणी त्यांची पुस्तके मिळवण्यासाठी खर्च करावी.

या दोघांनंतर जरा दूर जावे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही आत्मकथने एकापाठोपाठ एक घेऊ नयेत. दोन आत्मकथनांच्या मध्ये एखादी कादंबरी असावी, म्हणजे प्रत्येक आयुष्य वेगळे लक्षात राहते. एरवी सगळी दुःखे एकमेकांत मिसळतात आणि वाचणाऱ्याला थकवा येतो. एका हंगामाला एक पुस्तक पुरेसे आहे. बैठकी लावणी उरकल्यानंतर आणि सुगी सुरू होण्याआधी ठेवाव्यात. उसाचा हंगाम जोरात असताना बैठक ठेवली, तर ज्यांनी ऐकायला आणि बोलायला हवे तीच माणसे फडात असतात.

हिशेबाची वही

वाचायला बसताना मंडळाकडे एक साधी वही असावी आणि ती लिहिण्याचे काम दर वेळी वेगळ्या माणसाकडे द्यावे. पुस्तकात जिथे जिथे कामाचा, कर्जाचा किंवा अन्नाचा उल्लेख येईल तिथे थांबून वहीत नोंद करायची. काम कोणी केले, किती वेळ केले, मोबदला कशात मिळाला, तो कोणी ठरवला, माप कोणाच्या हातात होते, आधीची उचल किंवा उसनवार होती का, आणि फेड झाली हे सांगण्याचा अधिकार कोणाला होता. यातल्या प्रत्येक प्रश्नाला पुस्तकात उत्तर सापडतेच असे नाही. जिथे सापडत नाही तिथे जागा कोरी ठेवावी. पुढे कोऱ्या जागा पाहिल्या की लेखकाला लहानपणी काय दिसत नव्हते आणि घरातल्या मोठ्यांनाही काय सांगितले जात नव्हते, हे कळू लागते.

हे का करायचे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आमच्या एका बैठकीत विडी वळणाऱ्या बाईवरची कथा वाचली गेली. कथेतली बाई आजारी मुलाला मांडीवर घेऊन रात्रभर विड्या वळते, असा प्रसंग होता. वाचन संपल्यावर सगळे गप्प होते. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांचे अर्धे आयुष्य सुपावर वाकून गेले होते, विचारले, “पानं वजनावर दिल्याली का मोजून? आणि कमी पडली तर कुणी घ्याची?” कथेत याचे उत्तर नव्हते. पण त्या प्रश्नाने बैठकीचा रोखच बदलला, कारण ज्यांना विडीचे काम ठाऊक होते त्या बायका एकेक करून बोलू लागल्या, आणि ज्यांना ठाऊक नव्हते ते वहीत लिहू लागले.

त्यांनी जे सांगितले ते विडीच्या धंद्यात सर्वत्र ओळखीचे आहे. ठेकेदार किंवा कारखानदार पाने, जर्दा आणि दोरा देतो, आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाने भोकाची किंवा फाटकी निघाली तर हजार भरण्यासाठी बाईला पदरचे पैसे घालून पाने आणावी लागतात. तयार विड्या तपासताना काही बाजूला काढल्या जातात. त्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि ती छाट पुन्हा वळणाऱ्या बाईच्या हातात पडेलच असेही नाही. आता वहीत मांडून पाहावे. समजा, बाईने हजार विड्या दिल्या आणि त्यातल्या पन्नास छाट म्हणून काढल्या, तर तिची मजुरी साडेनऊशेची झाली. पण पाने, जर्दा, दोरा आणि वेळ हजाराचा गेला, आणि त्यात विकत आणलेल्या पानांचा खर्च वेगळाच. हा हिशेब मांडला की मुलाला मांडीवर घेऊन रात्रभर का वळावे लागते, ते कळते. एका दिवसाच्या मजुरीतून जे तीन ठिकाणी कापले गेले ते भरून काढायला तिला रात्र लागते. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात कच्चा माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणाऱ्या वादांसाठी स्वतंत्र तरतूद होती; २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि त्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. म्हणजे त्या बाईंनी मागून विचारलेला प्रश्न संसदेने केलेल्या कायद्यातही लिहिलेला होता, ही गोष्ट मंडळाला जरूर सांगावी.

हीच पद्धत ‘बलुतं’ वाचताना वापरावी. बलुतेदारीत काम ठरावीक नसते; सांगावा आला की जायचे, मेलेले ढोर ओढायचे, गावाचे निरोप पोचवायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे. मोबदला मात्र सुगीच्या वेळी, देणाऱ्याच्या मर्जीने आणि त्याच्याच मापाने. वहीत कामाच्या खाली ओळीमागून ओळ भरत जाते आणि मोबदल्याच्या खाली एखादीच नोंद राहते. मंडळातल्या शेतकऱ्याला हे पाहून अस्वस्थ वाटते, आणि वाटू द्यावे.

‘अक्करमाशी’त आजी शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुऊन दळते आणि त्याची भाकरी करते, असा प्रसंग आहे. तो मोठ्याने वाचल्यावर श्रोत्यांना किळस येते आणि त्या किळसेतच चर्चा संपते. तिथे वाचणाऱ्याने थांबून विचारावे की ते शेण कोणाच्या जनावराचे होते. ज्या जनावरापुढे पोटभर ज्वारी असते त्याचा मालक कोण, खळे कोणाचे, आणि त्या खळ्यावर राबलेल्या माणसाच्या घरी दाणा का नाही, या प्रश्नांची उत्तरे शोधताना तो प्रसंग किळसेचा राहत नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) दुष्काळात उपाशी मरणाऱ्यांसाठी धान्य लुटले जाते, तिथे धान्य कुठे साठलेले होते, याची नोंद वहीत सर्वांत वर करावी. धान्य अजिबात नव्हते म्हणून माणसे मेली, असे त्या कादंबरीत कुठेही नाही.

साल आणि कायदा शेजारी ठेवावा

आत्मकथनात साले फारशी नसतात. लेखक ‘मी चौथीत असताना’ असे म्हणतो. मंडळाने ते साल काढावे आणि त्या वेळी कोणता कायदा लागू होता ते पाहावे, कारण त्यामुळे पुस्तकातला अन्याय कायद्याच्या मान्यतेने चालला होता की कायदा मोडून, हे समजते. ‘फकिरा’तल्या मांगांना हजेरी द्यावी लागते ती गुन्हेगार जमाती कायद्यामुळे; १८७१ मध्ये सुरू झालेला आणि पुढे वाढवत नेलेला हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा आहे, आणि त्याच्या काही वर्षे आधी, १८७६ ते ७८ मध्ये, बेळगाव, धारवाड, कलादगी हे सगळे जिल्हे दुष्काळाने होरपळले होते. असूडातला शेतसारा, सावकार आणि कुलकर्णी यांचे जाळे आपल्या जिल्ह्यांनाही जसेच्या तसे लागू होते, कारण बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते.

सीमाभागासाठी यात आणखी एक महत्त्वाची बाब आहे. मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्या कुळाला मालकी देण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्याआधी पाच महिने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला होता. इकडे कुळांना निर्णायक हक्क देणारी दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली. कागलचे कूळ आणि निपाणीचे कूळ एकच बोली बोलत होते, एकाच बाजाराला जात होते, आणि तरीही त्यांच्या हक्कांच्या तारखांमध्ये सतरा वर्षांचे अंतर पडले. ‘झोंबी’ वाचताना गावातल्या जुन्या माणसांना सात नंबरच्या फॉर्मबद्दल, म्हणजे जमिनीची मालकी मागण्यासाठी कुळाने भरायच्या अर्जाबद्दल, विचारावे. तो कोणी भरला, कोणी भरू दिला नाही, कोणी मालकाच्या भिडेपोटी भरलाच नाही आणि कोणाला तो भरायचा असतो हे कळलेच नाही, हे त्यांना आठवत असते. त्या आठवणीही वहीत याव्यात.

उसाच्या टोळीबद्दल वाचताना १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा समोर ठेवावा. उचल घेऊन तिच्या बदल्यात बांधून राबावे लागणे हे त्या कायद्याच्या व्याख्येत येते. आपल्याकडे कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून आणि विजयपूर भागातून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल मुकादमाकडून घेतलेली असते, आणि हंगाम संपताना किती फिटले हे मुकादमाच्या वहीवरून ठरते. आपल्या मंडळाच्या वहीची गरज का आहे, ते इथे सर्वांत स्पष्ट होते. बाईने बांधलेल्या मोळ्या आणि वाहून ट्रॉलीत भरलेला ऊस कोयत्याच्या एकाच हिशेबात जातो, तिच्या नावाची वेगळी ओळ कुठेही नसते.

बाईची नोंद वेगळी करावी

पुरुषांनी लिहिलेल्या पुस्तकांत आईचे कष्ट खूप असतात, पण ते बहुधा कौतुकाच्या सुरात येतात. कौतुकाचा सूर बाजूला ठेवून तिचा दिवस वहीत तासातासाने मांडावा. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक यासाठी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण संसार सावरण्यासाठी तिने घेतलेला प्रत्येक निर्णय आणि त्या प्रत्येक निर्णयाची तिला मोजावी लागलेली किंमत कादंबरीत दिसते. वऱ्हाडी बोली सुरुवातीला अडते. दोन-तीन बैठकींनंतर ती कानात बसते. ‘आयदान’मध्ये आईचे टोपल्या विणणे आणि ‘जिणं आमुचं’मध्ये बायकांचे मोळ्या विकणे ही कामे घरकामाच्या वर आणखी केलेली आहेत. शेवटी कोण जेवले, ही नोंद प्रत्येक पुस्तकात करावी. घरात अन्न कमी असताना ते कसे वाटले जाते, यावर मंडळातल्या बायका जितक्या अचूक बोलतात तितके कोणताही समीक्षक बोलत नाही.

देवदासी प्रथेवरचे लेखन घेताना विशेष काळजी घ्यावी. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या जोगतिणी-जोगत्यांचे जे आयुष्य दाखवतात ते आपल्या पाहण्यातले आहे. श्रद्धा खरी की खोटी या वादात बैठक अडकली की बाईचा विषय मागे पडतो. त्याऐवजी विचारावे की मुलगी देवीला सोडली तेव्हा घरात काय चालले होते, मुलगा नव्हता का, केसात जट आली असे कोणी सांगितले, सोडण्याच्या विधीला पैसे कोणी दिले, आणि नंतर तिच्या कमाईवर कोण जगले. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा मुली सोडण्यास बंदी करणारा कायदा १९८२ चा. दोन्ही कायद्यांच्या मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली, आणि त्या काळात मुली सोडल्या जात राहिल्या. गावात अशी बाई असेल, तर तिला उदाहरण म्हणून बैठकीत कधीही पुढे करू नये.

शेजारची भाषा

हे साहित्य केवळ मराठीत वाचून सीमाभागात चालत नाही, असे मी म्हणतो तेव्हा काहींना ते रुचत नाही. मराठीवर इथे झालेल्या अन्यायाची मला पूर्ण जाणीव आहे. सरकारी कागद कन्नडमधून येतो. उतारा, नोटीस, कर्जाचा कागद ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून घेण्यासाठी मध्यस्थ गाठावा लागतो, आणि मध्यस्थ फुकट वाचत नाही. सुशिक्षित मराठी माणूस यातून वाट काढतो, गरीब मराठी माणसाला ती परवडत नाही. भाषेचा अन्यायही शेवटी गरिबाच्याच खिशाला भारी पडतो, आणि ही नोंदसुद्धा वहीत असावी.

पण त्याच शिवारात मराठी शेतकऱ्याच्या फडात कन्नड बोलणारी टोळी राबते, बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांवर दोन्ही भाषा बोलणारे विणकर एकाच मजुरीवर बसतात, आणि वखारीचा मालक दोन्ही भाषांत सारख्याच सफाईने भाव पाडतो. म्हणून कन्नडमधले निदान एक पुस्तक तरी मंडळाने घ्यावे. शिवराम कारंत यांची ‘चोमन दुडी’ (१९३३) उत्तम. चोमाला स्वतःची जमीन कसायची असते आणि अस्पृश्य म्हणून ती त्याला मिळत नाही. कॉफीच्या मळ्याचे कर्ज फेडण्यासाठी त्याची मुले मळ्यात जातात. वहीतले सगळे प्रश्न या कादंबरीला जसेच्या तसे लागू पडतात. सिद्धलिंगय्या, अरविंद मालगत्ती आणि देवनूर महादेव यांचे लेखनही घेता येईल, आणि गोकाक तालुक्यातले बसवराज कट्टीमनी तर आपल्याच जिल्ह्याचे. मंडळातल्या ज्या मुलांनी शाळेत कन्नड शिकले आहे त्यांनी एकेक प्रकरण वाचून मराठीत सांगावे. वडीलधाऱ्यांसमोर या मुलांना पहिल्यांदाच काही शिकवण्याची संधी मिळते, आणि ती ते मनापासून घेतात.

बैठकीत कसे वागावे

मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही अशा माणसांना हे साहित्य सर्वाधिक कळते, हे माझे वारंवारचे निरीक्षण आहे. वाचणाऱ्याने बोली सुधारून वाचू नये, आणि शिव्या किंवा जातीचे उल्लेख गाळू नयेत. ते वाचताना आवाज चढवू नये किंवा पाडूही नये. मात्र बैठकीत बोलताना त्या शिव्या आणि जातीवाचक संबोधने आपण वापरायची नाहीत. पुस्तकातला शब्द पुस्तकात राहतो.

ज्या समाजाबद्दल पुस्तक आहे त्या समाजातल्या माणसाकडे वळून ‘तुमच्याकडे असेच होते का’ असे विचारणे हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो सद्भावनेनेच घडतो. त्याला बोलायचे असेल तेव्हा तो बोलेल. उलट प्रश्न गावातल्या जमीनदार, व्यापारी आणि बलुते देणाऱ्या घरांतल्या माणसांना विचारावा की तुमच्या घरी याबद्दल काय सांगितले जात असे, धान्य कोणत्या मापाने दिले जात असे, पाणी कसे वाढले जात असे. पुस्तक ज्याने भोगले त्याचे आहे; ज्याने दिले किंवा दिले नाही त्याची बाजू अजून लिहिली गेलेली नाही.

‘आता तसे काही राहिलेले नाही’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत येते. त्यावर वाद घालू नये. वहीतली पाने काढून आजचा तसाच व्यवहार शेजारी मांडावा. सुगीच्या मापाऐवजी मुकादमाची वही, सावकाराऐवजी आठवड्याच्या हप्त्याचे बचत गटाबाहेरचे कर्ज, आणि विडीची छाट तशीच छाट. काय गेले आणि काय राहिले ते वाक्य बोलणाऱ्याने स्वतः सांगावे. काही गोष्टी खरोखरच गेल्या आहेत, आणि त्या कोणाच्या झगड्याने गेल्या हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे. निपाणीत एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती, हे तिथल्या किती मुलांना ठाऊक आहे?

एक अडचण मात्र सोपी नाही. शोषण सोसणारा आणि करणारा पुष्कळदा एकच माणूस असतो. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीजवळ शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. तो लढा न्याय्य होता. त्याच शेतकऱ्यांचा तंबाखू वखारीत चाळणाऱ्या, खोकत काड्या वेचणाऱ्या बायकांची मजुरी हा तितकाच न्याय्य, पण वेगळा प्रश्न होता, आणि त्या बायकांना स्वतःची संघटना उभारून झगडावे लागले. मंडळात तंबाखूवाला शेतकरी आणि वखारीतली बाई शेजारी बसलेले असतील, तर दोघांचाही हिशेब एकाच पानावर मांडावा. व्यापाऱ्याने शेतकऱ्याला किती कमी दिले आणि शेतकऱ्याने मजुराला किती दिले, हे एकाखाली एक आले की बोलणे कठीण होते, कधी आवाज चढतात. अशा वेळी बैठक थांबवू नये. पुढचा परिच्छेद वाचायला घ्यावा आणि चर्चा पुढच्या वेळेवर ठेवावी. माणसे परत येतात.

वहीचे पुढे काय करावे

दोन-तीन पुस्तके झाली की वहीत पुस्तकातल्या नोंदींपेक्षा गावातल्या नोंदी जास्त होतात. त्यांतून काही लिहिण्याची इच्छा मंडळातल्या तरुणांना होते, आणि ती चांगली आहे. लिहिताना सांगणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी, नाव आणि गल्ली बदलावी, पण कामाची पद्धत, दर आणि माप बदलू नये, कारण लेखनाचे सगळे मोल तिथेच आहे. सांगणाऱ्याचे वाक्य त्याच्या बोलीत ठेवावे. त्याच्या घराचे, फाटक्या अंथरुणाचे, रिकाम्या डब्याचे वर्णन लेखकाला मोह घालते. आधी पासबुक, हजेरीपत्रक, उचलीची चिठ्ठी पाहायला मागावी आणि वर्णन त्यांच्या मागून यावे. मजकूर तयार झाल्यावर तो ज्याने सांगितले त्याला त्याच्याच घरी बसून वाचून दाखवावा आणि तो जे काढायला सांगेल ते न कुरकुरता काढावे. त्यानंतरच तो गावच्या संमेलनात किंवा अंकात द्यावा, आणि एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी ठेवावी. हिशेबाची मूळ वही मात्र वाचनालयाच्या कपाटात कुलपात असावी. तिच्यात माणसांची देणी लिहिलेली आहेत, आणि ती चुकीच्या हातात पडली तर उद्या त्याच माणसांचे काम जाऊ शकते.